घरात कुणालाच नाही, मग मला कसा? प्रौढ वयातला डिस्टोनिया आणि जनुके

सुरुवातीला काहीच वाटत नाही. आरशात पाहताना हनुवटी किंचित एका खांद्याकडे वळलेली दिसते. फोटो काढणारा म्हणतो, "मान सरळ करा." आपण करतो, आणि ती आपसूक पुन्हा वळते. उशी चुकली असेल, नस दबली असेल, मणके झिजले असतील असे म्हणत महिने जातात. मानेला पट्टा लागतो, शेक होतो, मालिश होते. मग कधीतरी एखादा मेंदूविकारतज्ज्ञ दोन मिनिटे नुसता बघत बसतो आणि सांगतो, हा डिस्टोनिया आहे. मान चांगली आहे, तिला मेंदूकडून येणारे हुकूम चुकताहेत.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी दोन प्रश्न येतात. आमच्या घरात हे कुणालाच नाही, मग मला कसे झाले? आणि माझ्या मुलांना होईल का? पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो. दुसरा बहुतेक वेळा दारापर्यंत गेल्यावर, परत वळून. या लेखात मी या दोनच प्रश्नांच्या मागे लागणार आहे. त्यांचे उत्तर एका शब्दात मावत नाही, पण ते समजण्यासारखे आहे आणि बहुतेकांच्या मनातल्या भीतीपेक्षा सौम्य आहे.

हा आजार नेमका काय करतो

कोपर वाकवायचे तर दंडाच्या पुढच्या स्नायूने आवळायचे आणि मागच्याने सैल पडायचे, असा साधा करार असतो. डिस्टोनियात तो मोडतो. दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतात, गरज नसलेले शेजारचेही त्यात ओढले जातात आणि शरीराचा तो भाग पिळल्यासारखा वळतो. कधी तो तसाच अडकून राहतो, कधी त्यात झटके किंवा कंप मिसळतो. मानेत झाला तर तो सर्व्हायकल डिस्टोनिया. पापण्यांत झाला तर ब्लेफरोस्पॅझम: नजर उत्तम असते, पण डोळे उघडे ठेवता येत नाहीत. स्वरयंत्रात झाला तर आवाज मध्येच तुटतो किंवा घशात अडकल्यासारखा येतो. हातात झाला तर रायटर्स क्रॅम्प: पेन धरताक्षणी बोटे आखडतात, आणि तोच हात सुईत दोरा मात्र बिनचूक ओवतो. हे पाहून लोकांना हा 'मनाचा खेळ' वाटतो. रोग्याला आजारापेक्षा हा संशयच जास्त दुखतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती कामाला येईल. मान वळलेल्या माणसाने हनुवटीला किंवा गालाला नुसते बोट टेकवले, तर कित्येकदा मान काही काळ सरळ होते. त्यासाठी जोर लावावा लागत नाही, स्पर्श पुरतो. म्हणजे मेंदूकडे बाहेरून येणाऱ्या संवेदना आणि मेंदूकडून निघणारे हुकूम यांची सांगड कुठेतरी सैल झालेली आहे.

वयाचा आणि जागेचा एक ढोबळ संबंध डॉक्टरांच्या फार पूर्वी लक्षात आला. बालपणी सुरू होणारा डिस्टोनिया बहुधा पायापासून निघतो आणि अंगभर पसरतो. वय वाढेल तशी सुरुवातीची जागा वर सरकते. हाताचा प्रकार बहुधा तिशी-चाळिशीत येतो, मानेचा चाळिशी-पन्नाशीत आणि पापण्यांचा त्याहून उशिरा. प्रौढ वयात आलेला डिस्टोनिया बहुधा जिथे सुरू होतो तिथेच राहतो, फार तर शेजारच्या भागात जातो. मानेचा आणि पापण्यांचा प्रकार स्त्रियांत जास्त दिसतो, हाताचा पुरुषांत.

'डिस्टोनिया' हा शब्द बर्लिनच्या हेरमान ओपेनहाइम यांनी १९११ साली वापरात आणला, तो लहान मुलांच्या आजारासाठी. प्रौढांच्या वाकड्या मानेला, मिटणाऱ्या पापण्यांना, आखडणाऱ्या बोटांना पुढची कित्येक दशके वेगवेगळी नावे होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची रवानगी मानसोपचाराकडे होत असे. लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी १९७० च्या दशकात आग्रहाने मांडले की ही सगळी एकाच मेंदूविकाराची रूपे आहेत. मला ही घटना फार मोलाची वाटते. मान, पापण्या, आवाज आणि हात एका सूत्रात बांधल्यावरच 'घरात आणखी कुणाला आहे का' हा प्रश्न नीट विचारता येऊ लागला.

कुणालाच नाही, की कुणाचे दिसलेच नाही?

प्रौढ वयातला डिस्टोनिया झालेल्यांना कुटुंबाबद्दल विचारले तर बहुतेक जण नाही म्हणतात. शंभरातले साधारण १० ते २५ जण नात्यातल्या कुणाची तरी आठवण काढतात. पण संशोधकांनी नातेवाइकांना प्रत्यक्ष समोर बसवून तपासले, तेव्हा चित्र थोडे बदलले. एखाद्या बहिणीची मान जराशी कललेली असते, तिला स्वतःलाही ते माहीत नसते. एखाद्या काकांचे डोळे सारखे लवतात, घरात ती त्यांची सवय समजली जाते. आजीची मान हलायची, ते म्हातारपण म्हणून सोडून दिलेले असते.

यात दुसरा एक चकवा आहे. एकाच कुटुंबात आजार वेगवेगळ्या जागी उमटू शकतो. आईच्या पापण्यांत, मुलाच्या हातात. हाताचा डिस्टोनिया झालेल्या वादकांचे नातेवाईक तपासले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना रायटर्स क्रॅम्प आढळला, आणि त्यांनी वाद्याला कधी हातही लावला नव्हता. 'तुमच्या घरात कुणाची मान अशी वाकडी आहे का?' असे विचारले तर उत्तर नाही येणारच. विचारायचे ते असे: कुणाचे डोळे आपोआप मिटतात का, कुणाचा आवाज थरथरतो किंवा तुटतो का, लिहिताना कुणाचा हात आखडतो का, कुणाची मान हलते का.

एवढे करूनही बहुतेक कुटुंबांत आणखी कुणी सापडत नाही, हेही खरे आहे. 'खाण तशी माती' ही म्हण या आजाराला सरळ लागू पडत नाही. का पडत नाही, हे समजून घ्यायला आधी बालवयातल्या प्रकाराकडे वळावे लागेल, कारण जनुकांची कथा तिथे जास्त स्वच्छ दिसते.

जनुक असणे आणि आजार होणे

१९९७ साली लॉरी ओझेलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीओआर१ए नावाच्या जनुकातला दोष शोधला. नवव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात डीएनएची फक्त तीन अक्षरे गळालेली असतात: जीएजी. त्यामुळे टॉर्सिन-ए नावाच्या प्रथिनातला एक अमायनो आम्लाचा मणी कमी होतो. हा बदल पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात अधिक आढळतो, पण तो जगात इतरत्रही दिसतो.

हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी आजार होऊ शकतो. शाळेत शिकलेल्या हिशेबाप्रमाणे असा दोष असलेल्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण दोष मिळालेल्या शंभर जणांपैकी आजार होतो सुमारे ३० जणांनाच. उरलेले ७० आयुष्यभर ठणठणीत राहतात आणि तोच दोष पुढच्या पिढीला देऊ शकतात. दोष अंगात असूनही आजार न उमटण्याच्या या गोष्टीला वैद्यकात 'अपुरा पेनिट्रन्स' म्हणतात. आता हिशेब करा: निम्म्याचे ३० टक्के म्हणजे प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता साधारण १५ टक्के. शिवाय हा आजार बहुधा २६ वर्षांच्या आत सुरू होतो. तोपर्यंत काही झाले नाही तर पुढे होण्याची शक्यता बरीच कमी होते.

त्या ७० जणांना कोण वाचवते? एक उत्तर थोडेसे सापडले आहे. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एका प्रतीत जीएजीचा दोष असेल आणि दुसऱ्या, निरोगी प्रतीत २१६ व्या जागी एक विशिष्ट साधा बदल असेल, तर आजार होण्याचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवर येते. हा दुसरा बदल निरोगी लोकांतही असतो आणि एरवी त्याचा काही गाजावाजा नसतो. दोष एका पालकाकडून आला आणि त्यावरचे कवच दुसऱ्याकडून. तरीही असे कवच थोड्यांकडेच असते. बाकीचे का वाचतात हे त्यातून उलगडत नाही.

प्रौढांच्या वाट्याला आलेली जनुके

टीओआर१ए हे प्रामुख्याने बालपणाचे जनुक. प्रौढांच्या बाबतीत चार-दोन नावे महत्त्वाची आहेत.

२००९ साली सापडलेले टीएचएपी१ हे पहिल्यांदा अमिश-मेनोनाइट समाजातल्या कुटुंबांत दिसले. त्यातला आजार चेहरा, आवाज, मान आणि हात यांना धरतो. सुरुवात बहुधा किशोरवयात होते, पण प्रौढपणीही होऊ शकते. दोष असलेल्यांपैकी साधारण निम्म्याहून अधिकांना आजार होतो. हे जनुक इतर जनुके चालू-बंद करण्याचे काम करते, आणि ज्यांच्यावर त्याचा ताबा असतो त्यांत टीओआर१एही आहे. दोन वेगळ्या दारांनी शिरलेली वाट आत एकाच खोलीत निघते, ती अशी.

मला सगळ्यात बोलके वाटते ते जीएनएएल. २०१२ च्या अखेरीस ते पुढे आले. त्यातला दोष बहुधा प्रौढ वयात आणि बहुधा मानेपासून सुरू होतो, म्हणजे नेमका आपल्या विषयातला. हे जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा देते ते प्रथम वास ओळखणाऱ्या पेशींत सापडले होते, नावातही त्याची खूण आहे. पुढे कळले की मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटममध्येही ते भरपूर असते. तिथे डोपामिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा निरोप पेशीच्या दारावर येतो आणि हे प्रथिन तो आत पोचवते. कुठली हालचाल होऊ द्यायची आणि कुठली दाबायची याची निवड याच भागात होते. निरोप्याच अर्धा उरला, तर निवड गडबडणार. डिस्टोनियात नको असलेल्या स्नायूंना लगाम बसत नाही, या जुन्या निरीक्षणाशी हे छान जुळते.

२०१२ मध्येच एएनओ३ हे जनुक ब्रिटनमधल्या कुटुंबांतून समोर आले. त्यात मानेच्या वळण्याबरोबर कंप ठळक असतो, इतका की काही जणांना आधी नुसत्या कंपाचा आजार म्हणून वागवले जाते. त्याच काळात सीआयझेड१ हे नावही मानेच्या डिस्टोनियासाठी मोठ्या आशेने पुढे आले होते, पण त्याचा पुरावा पुढे फारसा टिकला नाही. असे चढ-उतार या शोधात वारंवार दिसतात. म्हणून नव्या जनुकाची बातमी वाचली की मी तरी लगेच हुरळून जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही सगळी नावे एकत्र केली तरी प्रौढ वयात एकाच जागी डिस्टोनिया झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या आजाराचा उलगडा होतो, शंभरात मोजक्याच जणांचा. बाकीच्यांमध्ये एकच मोठा दोष सापडत नाही. त्यांच्या बाबतीत अनेक छोट्या बदलांची बेरीज असावी, असा अंदाज आहे. त्यासाठी संशोधक हजारो रोगी आणि हजारो निरोगी लोकांचा सगळा डीएनए शेजारी ठेवून पाहतात. २०१४ मध्ये वादकांच्या डिस्टोनियात एआरएसजी या जनुकापाशी असा एक इशारा मिळाला. पण असा इशारा गटाबद्दल बोलतो. तो बदल तुमच्यात आहे की नाही, यावरून तुमच्या हाताचे भविष्य सांगता येत नाही.

पनाय बेटाची गोष्ट

एक अपवाद मात्र वेगळा सांगायलाच हवा. फिलिपिन्समध्ये पनाय नावाचे बेट आहे. तिथल्या पुरुषांना चाळिशीच्या आसपास एक डिस्टोनिया गाठतो. स्थानिक लोक त्याला 'लुबाग' म्हणतात, म्हणजे पिळवटणे. तो एका भागातून सुरू होऊन अंगभर पसरतो आणि काही वर्षांनी पार्किन्सनसारखी मंदता येते. दोष एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाकडे एक्स एकच असल्याने त्याला आडोसा नसतो. स्त्रियांकडे दोन असल्याने त्या बहुधा वाचतात, पण दोष मुलांना देतात. घरांमध्ये आजार आईच्या बाजूने येताना दिसतो, तो त्यामुळे.

तिथे काय बिघडले आहे हे पाहिले तर थक्क व्हायला होते. टीएएफ१ नावाच्या जनुकात डीएनएचा सुमारे २६०० अक्षरांचा एक उपरा तुकडा येऊन बसलेला आहे. आपल्या डीएनएत जागा बदलत फिरणारे असे तुकडे असतात, त्यांतलाच हा एक. सगळ्या रोग्यांत तोच तुकडा त्याच जागी आहे, म्हणजे तो कधीतरी एकाच पूर्वजात बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. त्या तुकड्यात सहा अक्षरांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो: सीसीसीटीसीटी, सीसीसीटीसीटी, असा. कुणात तो साधारण ३५ वेळा येतो, कुणात ५० वेळा. आणि जितक्या जास्त वेळा, तितका आजार लवकर. २०१७ साली हे स्पष्ट झाले. आजार कुठल्या वयात सुरू होणार यातला साधारण निम्मा फरक एवढ्या एका मोजणीने समजतो.

पुढे आणखी एक पान उलटले. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएसएच३ आणि पीएमएस२ ही जनुके कुणात कशी आहेत, यावरही सुरुवातीचे वय पुढे-मागे होते. पेशींत ही पुनरावृत्ती वयाबरोबर वाढत जाऊ शकते आणि दुरुस्ती यंत्रणा तिच्या वाढीत हात घालते. जन्मापासून असलेला दोष चाळीस वर्षे गप्प का बसतो, या कोड्यावर मला आजवर भेटलेले हे सगळ्यात स्पष्ट उत्तर आहे. पण जपून: ही पनायच्या आजाराची कथा आहे. नेहमीच्या मानेच्या किंवा पापण्यांच्या डिस्टोनियात असेच घडते असे म्हणायला आधार नाही.

मग ठिणगी कुठून पडते?

नेहमीच्या प्रकारांत जनुकांनी फक्त वाळलेले गवत रचून ठेवलेले असावे आणि ठिणगी बाहेरून पडत असावी, असा आजचा विचार आहे. याचा सुंदर पुरावा १९९७ साली अमेरिकेत उंदरांच्या जातीतल्या रॅट या प्राण्यांवर झालेल्या प्रयोगातून मिळाला. क्रेग एव्हिंजर यांच्या गटाने काही प्राण्यांच्या मेंदूतले डोपामिन थोडेसे कमी केले. त्याने डोळ्यांना काही झाले नाही. वेगळ्या प्राण्यांत पापणी मिटणारा स्नायू किंचित अशक्त केला. त्यानेही फारसे बिघडले नाही, मेंदूने जास्त जोर लावून भरपाई केली. पण दोन्ही गोष्टी एकाच प्राण्यात केल्या, तेव्हा पापण्या आवळून मिटू लागल्या, अगदी माणसांतल्या ब्लेफरोस्पॅझमसारख्या. भरपाई करण्याची सवय चांगली, पण तिला आवर घालणारी यंत्रणा कमजोर असेल तर ती सवयच आजार बनते.

माणसांत पाहिले तर ब्लेफरोस्पॅझम सुरू होण्याआधी अनेकांना डोळे कोरडे पडण्याचा, चुरचुरण्याचा त्रास असतो. त्या काळात माणूस सारखी उघडझाप करतो. रायटर्स क्रॅम्पचा संबंध रोज तासन्‌तास लिहिण्याशी आढळला आहे. व्यावसायिक वादकांपैकी साधारण १ टक्क्याला हाताचा डिस्टोनिया होतो, सामान्य लोकांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकात, ऐन उमेदीत, आत वळू लागली. दोन्ही हातांनी पुन्हा वाजवायला त्यांना तीसेक वर्षे लागली. पण उरलेले ९९ वादकही तितकाच सराव करतात आणि त्यांना काही होत नाही. सराव एकटा पुरत नाही, आणि जनुके एकटी पुरत नाहीत.

इथे एक सावधगिरीचा शब्द. मानेला झटका बसला आणि नंतर मान वळू लागली, अशी आठवण अनेक जण सांगतात. आजार झाल्यावर माणूस मागे वळून कारण शोधतो, ते स्वाभाविक आहे. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली असू शकते. त्या एका धक्क्याचा, त्या एका ताणाचा दोष स्वतःला किंवा दुसऱ्याला देत बसू नये. काही वेगळी कारणे मात्र डॉक्टर आवर्जून तपासतात: मानसिक आजारांवरची किंवा उलटी थांबवणारी काही औषधे डोपामिन अडवतात आणि त्यांच्यामुळे डिस्टोनिया होऊ शकतो. तेव्हा गोळ्यांची यादी सोबत न्यावी.

दोन दिव्यांची चाचणी

नात्यातल्या कुणात सुप्त प्रवृत्ती आहे हे आजार होण्याआधी ओळखता येईल का? डब्लिनमधल्या संशोधकांनी यासाठी एक फार साधी युक्ती वापरली. दोन छोटे दिवे एकाच वेळी लुकलुकवायचे, मग दुसरा पाच-पाच सहस्रांश सेकंदांनी उशिरा लावत जायचे, आणि विचारायचे, 'आता दोन वेगळे दिसले का?' निरोगी तरुण माणसाला अंतर अगदी थोडे असतानाच फरक कळतो. मानेचा डिस्टोनिया असलेल्या बहुतेकांना जास्त अंतर लागते. आणि त्यांच्या काहीच त्रास नसलेल्या सख्ख्या नातेवाइकांपैकी जवळजवळ निम्म्यांनाही जास्त लागते.

'निम्मे' हा आकडा वाचून थांबावेसे वाटते. एका पालकाकडून उतरणाऱ्या दोषाचे प्रमाण नेमके तेवढेच असते. यावरून असे चित्र उभे राहते: प्रवृत्ती निम्म्या भावंडांत उतरते, पण ती आजार बनते त्यांतल्या थोड्यांतच. वर सांगितलेली बोट टेकवण्याची युक्ती आठवा. हालचालीच्या या आजाराची मुळे संवेदना टिपण्याच्या पद्धतीतही आहेत, हे दोन्हीकडून दिसते. ही चाचणी आज संशोधनापुरतीच आहे. ती बिघडलेली निघाली म्हणून कुणाला आजार होईल असे सांगता येत नाही, आणि बहुसंख्यांना तो कधीच होत नाही.

जनुकीय तपासणी करावी का?

पन्नाशीत फक्त मान वळलेली, घरात आणखी कुणी नाही, दुसरे काही लक्षण नाही: अशा माणसाला तपासणीतून उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. त्याऐवजी हाती येतो तो बहुधा 'अर्थ अनिश्चित' असा शेरा, म्हणजे जनुकात काहीतरी वेगळे दिसले पण ते निरुपद्रवी आहे की नाही हे ठरवता येत नाही. टीएचएपी१ मध्ये असे बदल बरेच आढळतात. असा शेरा कागदावर आला की तो घराच्या मनात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. म्हणून तपासणीच्या आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलणे मला रक्ताच्या नमुन्याइतकेच गरजेचे वाटते.

सुरुवात तिशीच्या आत झाली असेल, किंवा नात्यात कुणाला लहान वयात झाला असेल, तर टीओआर१ए तपासणे योग्य ठरते. अनेक नातेवाइकांत लक्षणे असतील, आजार एका जागेवरून वेगाने पसरत असेल, सोबत झटके, मंदता किंवा तोल जाणे असेल, तरीही तपासणीला अर्थ आहे. अनेक जनुके एकदम तपासणाऱ्या नेहमीच्या चाचणीत, म्हणजे पॅनेलमध्ये, पनायसारखा पुनरावृत्तीचा दोष पकडला जातोच असे नाही. तसा संशय असेल तर तो डॉक्टरांनी मुद्दाम शोधावा लागतो.

आणि दोन आजार असे आहेत की ते चुकवून चालत नाही, कारण त्यांना नेमका इलाज आहे. जीसीएच१ या जनुकातल्या दोषाने डोपामिन बनवण्याची साखळी लंगडी होते. तो बहुधा लहानपणी दिसतो, पण काही जणांत प्रौढपणीच उमटतो, आणि लेव्होडोपा या, शरीरात डोपामिन बनणाऱ्या औषधाच्या अगदी लहान मात्रेने माणूस कमालीचा सुधारतो. दुसरा विल्सनचा आजार. एटीपी७बी या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की शरीरात तांबे साठत जाते, यकृतात आणि मेंदूत. तरुण वयात डिस्टोनिया दिसला तर रक्त, लघवी आणि डोळ्यांची तपासणी करून हा आजार आधी बाजूला काढतात. तांबे बाहेर काढणारी औषधे वेळेत मिळाली तर पुढचे नुकसान टळते.

आणि मुलांचे काय?

प्रौढ वयातल्या, एकाच जागी राहणाऱ्या डिस्टोनियाच्या कुटुंबांवरून संशोधकांनी जो हिशेब मांडला आहे, त्यात प्रवृत्ती निम्म्या मुलांना मिळते आणि ती मिळालेल्यांपैकी १२ ते १५ टक्क्यांनाच आजार होतो, असे धरलेले असते. म्हणजे प्रत्येक मुलामागे शक्यता शंभरात सहा-सात. सर्वसामान्य माणसापेक्षा ती नक्कीच जास्त आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरातल्या ९३-९४ मुलांना तो होत नाही. ज्यांना होतो त्यांनाही तो बहुधा उशिरा, एका भागापुरता होतो, आणि कित्येकदा इतका हलका की डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय लक्षातही येत नाही. घरात ठाम ओळखलेला जीएनएएल किंवा टीएचएपी१ चा दोष असेल, तर मात्र हा हिशेब बदलतो आणि तो त्या जनुकाप्रमाणे वेगळा मांडावा लागतो.

निरोगी लहान मुलांची तपासणी करून टाकावी, असे काही पालकांना वाटते. प्रौढ वयात येणाऱ्या आजारासाठी तसे सहसा करत नाहीत. आजार रोखणारे औषध आज हातात नाही, आणि ते जाणून घ्यायचे की नाही हा निर्णय त्या मुलाने मोठेपणी घ्यायचा आहे. मुलांना वाद्य शिकू द्यावे, लिहू द्यावे, खेळू द्यावे.

उपचाराला जनुकाच्या नावाची वाट पाहावी लागत नाही. आवळलेल्या नेमक्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने दिली की ते साधारण तीन महिने सैल राहतात, मग पुन्हा द्यावी लागतात. अमेरिकेत १९८९ साली पापण्यांच्या डिस्टोनियासाठी याला मान्यता मिळाली, २००० साली मानेसाठी. त्याने भागले नाही तर मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड बसवून उत्तेजन देण्याची शस्त्रक्रिया आहे. टीओआर१ए चा दोष असलेल्यांना तिचा चांगला गुण येतो, टीएचएपी१ असलेल्यांत तो कमी-जास्त दिसतो. पुढच्या भेटीला जाताना मात्र घरातल्या वयस्कर माणसांशी निवांत बोलून जा. कुणाची मान हलायची, कुणाचे डोळे मिटायचे, कुणाचा आवाज तुटायचा आणि ते साधारण कितव्या वर्षी सुरू झाले, एवढे कागदावर लिहून न्या.